द्राक्षबागेच्या हवामान केंद्रासाठी वाऱ्याचा सेन्सर : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५ : आकडा कशासाठी हवा

जागा निफाड तालुक्यातली, मांडव पद्धतीची द्राक्षबाग, पाणी ठिबकने. तापमान-आर्द्रता, सौर किरणे, पाऊस आणि पानांची ओल यांचे सेन्सर बसलेले आहेत. राहिला वारा.

घरगुती केंद्र बांधताना बहुतेक जण वाऱ्याचा सेन्सर त्याच्या वरच्या टोकावरून निवडतात, म्हणजे वादळात किती मोजेल यावरून. या बागेला त्याचा उपयोग मर्यादित आहे. वाऱ्याचा आकडा इथे दोन कामांना लागतो: रोजचे बाष्पपर्णोत्सर्जन (जमिनीतून आणि पानांतून उडणारे पाणी) काढून ठिबकची वेळ ठरवायला आणि फवारणीची वेळ निवडायला. फवारणीसाठी साधारण ३ ते १५ किमी/तास वारा योग्य धरतात. १५ च्या वर औषध शेजारच्या बागेत जाते, हे सगळ्यांना ठाऊक असते. अगदी पडलेल्या हवेतही फवारू नये, हे त्यामानाने कमी जणांना माहीत असते. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची ऊबदार असते. त्या थरात बारीक थेंब खाली न बसता तरंगत राहतात आणि नंतर कुठेही सरकतात. म्हणजे सेन्सरला ० आणि ३ किमी/तास, अर्थात ० आणि ०.८ मी/से, यांतला फरक कळलाच पाहिजे. ज्याच्या वाट्या (वाऱ्याने फिरणारे कप) १ मी/से पर्यंत हलतच नाहीत, तो इथे निरुपयोगी आहे.

वरचे टोक भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागातून घेतले. नाशिकसाठी तिथे मूळ वाऱ्याचा वेग ३९ मी/से दिला आहे (मुंबईला ४४, पुण्याला ३९). हा १० मीटर उंचीवरचा, ५० वर्षांत एकदा अपेक्षित असा ३ सेकंदांचा झोत आहे. ३९ मी/से म्हणजे १४० किमी/तास. तेव्हा सेन्सर ४५ मी/से पर्यंत टिकावा, पण त्याची परीक्षा अर्ध्या मी/से वर घ्यायची.

१५ जानेवारी : मंद वाऱ्यातल्या चुकीची किंमत

एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) सिंचन पुस्तिका क्र. ५६ मधले (१९९८) पेनमन-मॉन्टीथ सूत्र वापरतो. एप्रिलमधल्या खरड छाटणीच्या दिवसांतले नमुन्याचे आकडे घेतले: कमाल ३८, किमान २० अंश, हवेतली बाष्पतूट ३.०८ किलोपास्कल, निव्वळ प्रारण १४ मेगाज्यूल प्रति चौ.मी., समुद्रसपाटीपासून उंची साधारण ५५० मीटर. बाकी सगळे स्थिर ठेवून फक्त २ मीटर उंचीवरचा वारा बदलला, तर संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन असे येते:

० मी/से : ४.५ मिमी
०.५ मी/से : ५.३ मिमी
१ मी/से : ६.० मिमी
२ मी/से : ७.४ मिमी
३ मी/से : ८.५ मिमी

खालच्या टोकाला वाढ सर्वांत तीव्र आहे. पहिल्या १ मी/से ला दीड मिमी पडतो, २ वरून ३ ला जाताना सव्वा मिमीपेक्षाही कमी. एक एकरावर १ मिमी म्हणजे सुमारे ४,००० लिटर. दिवसभर १ मी/से वारा असताना वाट्या अडकून शून्य दाखवत राहिल्या, तर पीक गुणांक (पिकानुसार गुणायचा आकडा) लावण्याआधीच एकरी सहा हजार लिटर पाणी कमी धरले जाते. एफएओच्या पद्धतीत वारा ०.५ मी/से च्या खाली घेत नाहीत, तोच दंडक गणनेत घातला आहे. पण तो अडकलेल्या सेन्सरवरचा उपाय नव्हे, त्याने चूक निम्मीच होते.

यावरून निवडीची मुख्य अट ठरली: वाट्या ०.५ मी/से ला सुटल्या पाहिजेत आणि ते घरच्या घरी तपासता आले पाहिजे.

१९ जानेवारी : बाजारात काय मिळते

लहान डीसी मोटरला वाट्या लावून व्होल्टेज मोजण्याचा प्रकार आधी बाद. मोटरच्या आतल्या लोखंडी गाभ्याला चुंबक धरून ठेवतो, बोटाने फिरवल्यावर ते टकटक जाणवते. ती पकड सोडवायला दोन-तीन मी/से वारा लागतो. सीडी ड्राइव्हमधली ब्रशलेस मोटरही याच कारणाने नको.

तापलेल्या तारेचा किंवा थर्मिस्टरचा सेन्सर मंद वाऱ्यात सर्वांत संवेदनशील असतो, कारण उष्णता जाण्याचे प्रमाण वेगाच्या वर्गमुळाच्या पटीत बदलते आणि शून्याजवळ तो आलेख सर्वांत चढा असतो. पॉलिहाउसच्या आत हा उत्तम. उघड्यावर मात्र पावसाचा एक थेंब पडला की वादळ आल्यासारखा आकडा उडी मारतो, शिवाय तार सतत तापवायला वीज लागते.

०.४ ते २.० व्होल्ट ॲनालॉग आउटपुट देणारा ॲल्युमिनियमचा तीन वाट्यांचा ॲनिमोमीटर (वारामापक) बऱ्याच प्रकल्पांत दिसतो. ०.४ व्होल्ट म्हणजे शून्य, २.० म्हणजे ३२.४ मी/से. म्हणजे १ मी/से ला जेमतेम ५० मिलिव्होल्ट. केंद्राच्या ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलरचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) तेवढ्याला विश्वासू नाही, तेव्हा एडीएस१११५ सारखी वेगळी चिप घालावी लागते. पुरवठा ७ ते २४ व्होल्ट हवा. शिवाय लांब तारेत सर्किटच्या जमिनीच्या (ग्राउंडच्या) पातळीचा जो फरक पडतो, तो सरळ वाऱ्याच्या आकड्यात मिसळतो.

आरएस-४८५ मॉडबसवाला (तारेवरून प्रश्न-उत्तर पद्धतीने आकडा देणारा) हा त्याचाच सुधारलेला भाऊ. आकडा डिजिटल येत असल्याने ५० मीटर तारेलाही अडचण नाही. ०१ ०३ ०० ०० ०० ०१ ८४ ०ए असा प्रश्न पाठवला की बहुतेक मॉडेल पहिल्या रजिस्टरमधून वेगाची दहापट देतात. बॉड रेट (संदेशाचा वेग) काहींचा ४८००, काहींचा ९६००, उत्तर आले नाही तर आधी तेच बदलून पाहावे. दोन गोष्टी मात्र खटकतात. तो आतल्या आत किती सेकंदांची सरासरी काढतो हे बहुधा लिहिलेले नसते, त्यामुळे त्यातून ३ सेकंदांचा झोत खात्रीने काढता येत नाही. आणि मोजणी चालू राहण्यासाठी त्याला १२ व्होल्ट अखंड द्यावे लागतात. विजेची ददात नसलेल्या गच्चीवर हाच घ्यावा, लहान सोलर पॅनेलवर चालणाऱ्या शेतातल्या केंद्राला तो जड जातो.

उरले रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा संपर्क) किंवा हॉल सेन्सरचे (चुंबक ओळखणारी चिप), फक्त पल्स देणारे. त्यांत कच्चे ठोके हाती येतात. १० मिनिटांची सरासरी, ३ सेकंदांचा झोत, दिवसभराची वारा-धाव (वाऱ्याने कापलेले अंतर), सगळे एकाच मोजणीतून निघते आणि कसे काढले ते आपल्याला माहीत असते.

२५ जानेवारी : अल्ट्रासोनिकचा हिशेब

हलता भाग नसलेला सेन्सर घरी करता येईल का, हा प्रश्न नेहमी निघतो. म्हणून आकडे मांडून ठेवले.

दोन ट्रान्सड्यूसर १० सेंमी अंतरावर समोरासमोर. २५ अंशांना ध्वनीचा वेग सुमारे ३४६ मी/से, म्हणजे आवाज पोचायला २८९ मायक्रोसेकंद. १ मी/से वारा त्याच रेषेत असेल तर जाताना २८८.२ आणि येताना २८९.९ मायक्रोसेकंद लागतात, फरक १.६७. आपल्याला ०.१ मी/से वाचायचे असेल तर ०.१६७ मायक्रोसेकंद ओळखावे लागतील. दोन्ही वेळांच्या व्यस्तांची वजाबाकी केली की ध्वनीचा वेग सूत्रातून निघून जातो, तापमानाची चिंता उरत नाही, हा या पद्धतीचा खरा गुण.

अडचण वेगळीच आहे. ४० किलोहर्ट्‌झच्या लहरीचे एक आवर्तन २५ मायक्रोसेकंदांचे असते. येणारा सिग्नल हळूहळू चढतो. उंबरठा ओलांडणारे आवर्तन एकाने पुढेमागे झाले, तर वाचनात सरळ १५ मी/से ची चूक. एचसी-एसआर०४ सारख्या अंतर मोजणाऱ्या मॉड्यूलमध्ये ही उडी कायमच होत असते. अंतरात तिने काही मिलिमीटरच बिघडतात, वाऱ्यात सगळेच बिघडते. टीडीसी७२०० सारखी वेळमापक चिप, शून्य-छेद ओळखणारे सर्किट, थेंब न धरणारे ट्रान्सड्यूसर, एवढे जमवले तरी ट्रान्सड्यूसरमुळे पडणाऱ्या वाऱ्याच्या सावलीची दुरुस्ती उरतेच. स्वतंत्र प्रकल्प म्हणून हे करण्यासारखे आहे, या हंगामात नाही. तयार मिळणारे चांगले अल्ट्रासोनिक आपल्या खर्चाच्या पलीकडचे.

२ फेब्रुवारी : रीड की हॉल

हॉल सेन्सरला संपर्कबिंदू नसतात, झिजत नाही. पण बाजारात सहज मिळणारा ए३१४४ हा किमान ४.५ व्होल्टचा आहे. ३.३ वर काही नग चालतात, थंडीत किंवा बॅच बदलली की बंद पडतात. शिवाय त्याला सतत काही मिलिअँपिअर लागतात. ५ मिलिअँपिअर धरले तरी दिवसाचे १२० मिलिअँपिअर-तास, म्हणजे झोपलेल्या मायक्रोकंट्रोलरपेक्षा कितीतरी जास्त. डीआरव्ही५०३२ सारखे अतिकमी विजेचे हॉल घेताना वेगळा सापळा आहे: ते सतत पाहत नाहीत, ठरावीक वेळाने डोकावतात. सेकंदाला ५ किंवा २० वेळा नमुना घेणारा प्रकार ॲनिमोमीटरला लावला, तर जोराच्या वाऱ्यात ठोके हरवतात. दरवाजाच्या अलार्मला ठीक, इथे नको. यूएस१८८१ लॅच प्रकारचा आहे, एकाच ध्रुवाचा चुंबक असेल तर एकदा चालू होऊन तसाच राहतो.

रीड स्विच मोजताना जवळजवळ काहीच वीज खात नाही. त्याचे आयुष्य मोजून पाहिले. छोट्या हवामान किटमधल्या वाट्यांचा गुणांक सेकंदाला एक ठोका म्हणजे २.४ किमी/तास. सरासरी २ मी/से वाऱ्यात सेकंदाला ३ ठोके, वर्षाला साडेनऊ कोटी. रीडचे आयुष्य त्यातून जाणाऱ्या प्रवाहावर अवलंबून असते. पूर्ण क्षमतेच्या प्रवाहाला एक कोटीच्या आसपास, अगदी क्षीण प्रवाहाला त्याच्या कितीतरी पट. तेव्हा प्रवाह अर्ध्या-पाऊण मिलिअँपिअरच्या आत ठेवायचा आणि कपॅसिटर थेट रीडवर लावायचा नाही. बहुतेक सर्किटांत रीडला समांतर १०० नॅनोफॅरड लावलेला दिसतो. प्रत्येक ठोक्याला तो कपॅसिटर संपर्कबिंदूंतून क्षणात रिकामा होतो, ठिणगी पडते आणि काही महिन्यांनी बिंदू चिकटतात. मध्ये ४७० ओहम घातले की हा रोग जातो.

निर्णय: तीन वाट्या, रीड स्विच, हलक्या प्लॅस्टिकचा फिरता भाग. एक अख्खा वाट्यांचा संच आणि दोन रीड सुटे घेऊन ठेवायचे.

८ फेब्रुवारी : कागदाच्या तुकड्याची चाचणी

विक्रेता सुरुवातीचा वेग लिहील किंवा न लिहील, तो घरी अजमावता येतो. वाटीवरचा सुरुवातीचा टॉर्क साधारण असा: हवेच्या घनतेचा निम्मा × वेगाचा वर्ग × वाटीचे क्षेत्रफळ × बाहूची लांबी × पोकळ आणि फुगीर बाजूंच्या रोधगुणांकांतला फरक. अर्धगोल वाटीला हा फरक जवळपास १ (पोकळ बाजू १.४, फुगीर ०.४). वाटी ५ सेंमी व्यासाची, बाहू ७ सेंमी, घनता १.१५ धरली तर ०.५ मी/से ला मिळणारा टॉर्क अवघा ०.२ ग्रॅम-सेंमी. बेअरिंगची अडवणूक याच्या आत हवी.

आता ८० जीएसएमच्या साध्या प्रिंटर कागदाचा २ × २ सेंमी तुकडा ०.०३२ ग्रॅमचा असतो. ७ सेंमीवर तो ०.२२ ग्रॅम-सेंमी टॉर्क देतो. म्हणजे ॲनिमोमीटर आडवा धरून, बाहू आडवा असताना वाटीवर असा तुकडा चिकटवला आणि ती बाजू खाली गेली, तर सुरुवातीचा वेग सुमारे अर्धा मी/से. टॉर्क वेगाच्या वर्गावर आणि कागदाचे वजन बाजूच्या वर्गावर चालते, म्हणून हिशेब सोपा होतो: बाजू ४ सेंमी लागली तर सुमारे १ मी/से. वाट्यांची मापे वेगळी असतील तर वरचे सूत्र पुन्हा मांडावे.

चाचणीआधी समतोल पाहावा लागतो. आडव्या धुरीवर तीच वाटी दर वेळी खाली येत असेल, तर समोरच्या बाजूला नखभर टेप लावून जुळवून घ्यायचे. अशी चाचणी किमान सहा कोनांत करावी, कारण बेअरिंग एखाद्याच जागी अडते आणि चुंबक रीडच्या लोखंडी पायांना किंचित ओढतो. ती ओढ त्या ठरावीक कोनात जाणवते. आजूबाजूला लोखंडी स्क्रू असेल तर आणखी वाढते, म्हणून तिथले स्क्रू पितळी किंवा नायलॉनचे घातले.

नव्या संचाला ४ सेंमीचा कागद लागत होता. कारण बेअरिंगमधले घट्ट ग्रीस. पत्र्याच्या झाकणाची बेअरिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा धुतली, वाळवली आणि प्रत्येकीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. त्यानंतर २ सेंमीच्या तुकड्याला सगळ्या कोनांत खाली गेली. रबरी सीलची बेअरिंग असतील तर सीलचेच घर्षण जास्त असते, ती बदलून पत्र्याच्या झाकणाची घालावीत. गंज सोडवणारे स्प्रे तेल म्हणून वापरू नयेत. ते उडून जातात आणि मागे चिकट थर राहतो. पातळ तेलाची किंमत म्हणजे दर पावसाळ्याआधी पुन्हा तेल. ती मान्य आहे.

१६ फेब्रुवारी : सर्किट आणि मोजणी

रीडपासून पेटीपर्यंत १५ मीटर, पीळ असलेली जोडी, वर शील्ड. शील्ड फक्त पेटीच्या बाजूला जमिनीला. पेटीत क्रमाने: ५ व्होल्टचा टीव्हीएस डायोड (जास्तीचे व्होल्टेज गिळणारा), ४७० ओहम मालिकेत, त्यापुढे ३.३ व्होल्टकडे १० किलोओहम आणि जमिनीकडे १०० नॅनोफॅरड, मग ७४एचसी१४ श्मिट गेट (सिग्नल स्वच्छ करणारी चिप). चढता कालांक (व्होल्टेज बदलायला लागणाऱ्या वेळेचे माप) १ मिलिसेकंद, उतरता सुमारे ५० मायक्रोसेकंद. संपर्काची थरथर यात विरते.

सॉफ्टवेअरमधला थरथर-विराम (एका ठोक्यानंतर पुढचा न मोजण्याचा काळ) किती ठेवावा याचे गणित न करता बटणांसाठी लिहिलेला कोड जशाचा तसा उचलला जातो, आणि तिथे ५० मिलिसेकंद असतात. २.४ किमी/तासाच्या गुणांकाला ५० मिलिसेकंद म्हणजे ४८ किमी/तास. त्यापुढे दोन ठोक्यांमधले अंतर विरामापेक्षा कमी होते, एकाआड एक ठोका गाळला जातो, आणि ६० किमी/तासाचे वारे ३० दिसते. नोंदवहीत कधीच ४८ च्या वर आकडा नसेल तर आधी हे पाहावे. ४५ मी/से म्हणजे १६२ किमी/तास, सेकंदाला ६७.५ ठोके, अंतर १४.८ मिलिसेकंद. विराम ५ मिलिसेकंद ठेवला.

ईएसपी३२ मध्ये पल्स मोजणारा हार्डवेअर काउंटर आहे, पण त्याची गाळणी जास्तीत जास्त १२.८ मायक्रोसेकंदांची. रीडच्या थरथरीला ती पुरत नाही, आणि गाढ झोपेत तो काउंटर थांबतो. म्हणून मोजणी एटिनी८५ या वेगळ्या, छोट्या मायक्रोकंट्रोलरकडे दिली. तो झोपलेला असतो, ठोका आला की उठतो, मोजतो, पुन्हा झोपतो. ईएसपी३२ दर १० मिनिटांनी आय-टू-सी तारांवरून आकडे उचलतो. एटिनीच्या वॉचडॉगवर (आतल्या टायमरवर) सेकंद मोजू नयेत. तो तापमान आणि व्होल्टेजबरोबर सरकतो, मग ३ सेकंदांची खिडकी उन्हात वेगळी आणि थंडीत वेगळी होते. डीएस३२३१ घड्याळाचा १ हर्ट्‌झ आउटपुट त्याच्या दुसऱ्या पायाला जोडला. प्रत्येक सेकंदाचे ठोके एका कप्प्यात, लागोपाठच्या तीन कप्प्यांची बेरीज, त्यातली १० मिनिटांतली सर्वांत मोठी म्हणजे झोत. जागतिक हवामान संघटनेची शिफारस सेकंदाला चार नमुन्यांची आहे. एका सेकंदाच्या कप्प्यांनी झोताचे शिखर थोडे खाली येते, बागेच्या कामाला ते चालेल.

शेतातला एक त्रास शहरात कळत नाही: पाणबुडी मोटरचा स्टार्टर. कॉन्टॅक्टर सुटताना होणारी ठिणगी लांब तारेत खोटे ठोके पाडते. तपासणी सोपी आहे. रीडच्या टोकाला तार उघडी ठेवायची, मोटर दहा वेळा चालू-बंद करायची, मोजणी शून्य राहिली पाहिजे. साध्या सपाट केबलवर ठोके येत होते, पीळदार जोडी आणि श्मिट गेट लावल्यावर थांबले.

२३ फेब्रुवारी : गुणांक पडताळणे

वाट्यांचा ॲनिमोमीटर आयर्लंडच्या रॉबिन्सनने १८४६ मध्ये मांडला तेव्हा वारा वाट्यांच्या तिप्पट वेगाने जातो, वाट्या कितीही मोठ्या असोत, अशी समजूत होती. ती खरी नाही. हे प्रमाण वाटीचा व्यास आणि बाहूची लांबी यांवर ठरते. म्हणून एक वाटी तुटली आणि दुसऱ्या किटची बसवली, तर २.४ हा आकडा लागू राहत नाही. अख्खा संच बदलावा.

जोराच्या वाऱ्यासाठी गाडीची पद्धत. पहाटे पडलेल्या हवेत, सरळ मोकळ्या रस्त्यावर, जीपीएसच्या वेगाने २०, ४० आणि ६० किमी/तास. प्रत्येक वेग दोन्ही दिशांना आणि त्यांची सरासरी. ॲनिमोमीटर टपाला लागून बसवू नये, तिथे हवा दबून वेग वाढतो. पुढे झुकवलेल्या दांड्यावर, टपाच्या निदान मीटरभर वर ठेवावा. ४० ला सेकंदाला १६.७ ठोके अपेक्षित.

आपल्याला खरी गरज मंद टोकाची आहे आणि तिथे गाडी उपयोगाची नाही. त्यासाठी बंद गोदाम, दारे-पंखे बंद. २० मीटर रेषा आखायची, ३ मीटर लांब दांड्याच्या टोकाला ॲनिमोमीटर उभा बांधायचा आणि तो अंगापुढे धरून एकसारख्या चालीने जायचे. एक ठोका म्हणजे ०.६६७ मीटर वारा, तेव्हा गुणांक शून्यापासून खरा असेल तर चाल कोणतीही असो, २० मीटरला ३० ठोके यायला हवेत. कमी येतात ते घर्षणामुळे. २० मीटर २० सेकंदांत चाललो आणि २१ ठोके आले, तर वेग = ०.६६७ × ठोके/सेकंद + ०.३ असे सूत्र बसते. तेल दिलेल्या संचाला हा जोडांक ०.२५ ठरला. एकही ठोका नसेल त्या मिनिटाला जोडांक लावायचा नाही, नाहीतर शांत हवेतही ०.२५ छापले जाते.

हवेच्या घनतेचा वाट्यांच्या गतीवर फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे उन्हाळा-हिवाळ्याची वेगळी दुरुस्ती ठेवलेली नाही. झोतांच्या वाऱ्यात वाट्या पटकन वेग घेतात आणि हळू सोडतात, म्हणून सरासरी किंचित जास्त येते. वाट्या हलक्या घेण्याचे हेही एक कारण.

९ मार्च : खांब कुठे

सेन्सर निवडताना जेवढा विचार होतो, त्याच्या निम्माही जागेचा होत नाही, आणि चूक तिथे जास्त मोठी असते. मांडवाची छत सुमारे २ मीटरवर. तिथेच २ मीटरवर ॲनिमोमीटर लावला तर तो पानांतला वारा मोजेल. गारपिटीची जाळी किंवा प्लॅस्टिक आच्छादन असेल तर आणखीच वेगळा. एफएओच्या सूत्राला मोकळ्या, आखूड गवतावरचा वारा हवा.

दंडक असा की अडथळा जेवढा उंच त्याच्या दहापट अंतर सोडावे. शेतघर ४ मीटर, म्हणजे ४० मीटर. शेततळ्याचा भराव उंच आणि मोकळा असल्याने मोह होतो, पण भरावावर चढताना वारा दाटतो आणि आकडा फुगतो. बागेच्या पश्चिमेची मोकळी पडीक पट्टी निवडली. पावसाळी वारा तिकडूनच येतो आणि ब्लोअरची फवारणीही तिथवर पोचत नाही. गंधक आणि बोर्डो मिश्रणाची भुकटी बेअरिंगमध्ये गेली की कागद-चाचणीचे सगळे कष्ट वाया जातात. तांब्याची टोके गंधकाने काळी पडतात ते वेगळेच.

उंची ६ मीटर. हवामान खात्याचे प्रमाण १० मीटर आहे, पण तेलपाण्यासाठी खांब दोघांना उतरवता आला पाहिजे. खालचा तुकडा ४० मिमी जीआय पाइप, वरचा २५ मिमी, बुडाशी बिजागरी, तीन ताणतारा. खांब ओळंब्यात हवा. वाट्यांची धुरी कलली की बेअरिंगवर एकाच बाजूने भार पडतो.

६ मीटरवरचा वेग २ मीटरवर आणण्यासाठी ४.८७ ला (६७.८ × उंची − ५.४२) च्या नैसर्गिक लॉगने भागायचे. ६ मीटरला गुणक ०.८१ येतो, १० ला ०.७५, ३ ला ०.९२. नोंदवहीत मूळ ६ मीटरचा आकडा ठेवायचा, गुणक गणनेच्या वेळी लावायचा. उद्या खांब बदलला तर जुन्या नोंदी फुकट जात नाहीत.

३० मार्च : वळवाच्या आधी

एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसात विजा जास्त, म्हणून खांबाला स्वतंत्र अर्थिंग दिले: जमिनीत रॉड, खांबापासून सरळ, वळण न घेता ८ गेज जीआय तार. पेटीची जमीन त्याच रॉडला बांधली. दोन वेगळे रॉड मोकळे ठेवले तर त्यांच्यामधला दाब केबलमधूनच वाट काढतो. थेट वीज पडली तर यातले काही वाचणार नाही. हे संरक्षण जवळपास पडणाऱ्या विजेसाठी आहे.

केबल पेटीत शिरण्याआधी खाली झुकवून पाण्यासाठी वळसा ठेवला. न वापरलेली भोके सिलिकॉनने बंद केली, कुंभारमाशी अशा भोकांत मातीचे घर करते. जमिनीपासून दीड मीटर केबल पीव्हीसी नळीतून, खारी आणि उंदरांसाठी.

१८ मे : अडकणे ओळखण्याचे नियम

शून्य वारा आणि बंद पडलेला सेन्सर आकड्यात सारखेच दिसतात. म्हणून ईएसपी३२ मध्ये तीन तपासण्या घातल्या. दुपारी १२ ते ४ मध्ये सलग दोन तास एकही ठोका नाही, तर इशारा. उन्हाळी दुपारी या मोकळ्या पट्टीत इतका वेळ हवा पडत नाही. दुसरी, पल्सचा पाय सहा तास खालीच राहिला आणि ठोके शून्य, तर रीड चिकटला किंवा केबलमध्ये पाणी गेले. पहाटे वाट्या नेमक्या चुंबक-रीड समोर थांबल्या तरी पाय खाली राहतो, म्हणून सहा तासांची मुदत. तिसरी हळू बिघाडासाठी: दर आठवड्याला शून्य ठोक्यांच्या १० मिनिटांच्या खिडक्या किती, ते नोंदवायचे. वाऱ्याची आठवड्याची सरासरी तेवढीच असून शून्य खिडक्या वाढत गेल्या, तर बेअरिंग जड होत आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात खांब उतरवून कागद-चाचणी. ३ सेंमीपेक्षा मोठा तुकडा लागला तर धुऊन तेल, तेलानंतरही लागला तर बेअरिंग नवी. ऑक्टोबरच्या फळछाटणीआधी हेच पुन्हा, आणि त्या वेळी वाट्यांच्या कडांना तडे आहेत का तेही पाहायचे, कारण उन्हाने प्लॅस्टिक आधी तिथे ठिसूळ होते. सुट्या संचाचीही कागद-चाचणी आणि गोदामातली चाल आधीच करून त्याचा जोडांक डब्यावर लिहून ठेवला आहे.